वरच्या मजल्यावरचं मशीन

बुधवार, ८ मे

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

"एका पोराला दोन आया असल्या की पोर कधी उपाशी राहत नाही, एक आई मात्र राहते." सासूबाईंचं हे वाक्य तुम्हाला आठवतं का? मी बाळंतीण होते, तुम्ही माझ्या पायथ्याशी बसून दुपट्यांच्या घड्या घालत होतात आणि त्या दारात उभ्या राहून सहज बोलून गेल्या. तुमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि तो विषय घरात कुणी काढत नसे. मला तुमच्याकडे बघवेना. उपाशी राहणारी आई म्हणजे तुम्ही, असंच मी धरून चालले. तुम्हीही तसंच धरलं असणार.

सकाळपासून ते वाक्य डोक्यात आहे, म्हणून आधी तेच लिहून टाकलं. आता ख्यालीखुशाली. ह्यांचा गुडघा तसाच. डॉक्टर म्हणतात जिने कमी चढा, आणि लिफ्ट बंद पडली आहे ती पडलीच आहे. हे म्हणतात, माझ्यासारखा इलेक्ट्रिशियन राहतो त्याच बिल्डिंगची लिफ्ट बंद, यालाच म्हणतात दिव्याखाली अंधार. मला छातीत जळजळ होते, त्याच्या गोळ्या चालू आहेत. काल जिन्यात खोकल्याचा आवाज आला. तो तुमचा असेल तर वाफ घ्या, अंगावर काढू नका.

एक मजला खाली राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे हसण्यासारखंच आहे. पण खाली आले की काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही खुर्ची पुढे करता, चहा टाकता, "दमलीस ना?" म्हणता, आणि मी जे बोलायला आलेली असते ते चहाबरोबर गिळून वर जाते. तुमच्याशी भांडताच येत नाही. भांडायला समोरच्याने थोडं तरी वाईट असावं लागतं.

लेकाच्या दीक्षेची पट्टी काल शिवून झाली. दुकानात मालक म्हणाला, मशीनवर पाच मिनिटांचं काम, कशाला घरी नेता? पण मी घरी आणली आणि हाताने तुरपाई केली. दिवसभर मी लोकांच्या पँटी आखूड करते, कंबरा सैल करते, ज्या कपड्यांत माणूस मावत नाही त्यांत त्याला मावायला लावते. ते हात आधी स्वच्छ धुतले आणि मग सुई घेतली. पांढरं शुभ्र लिनन आहे, चार बोटं रुंद. काठ इतका बारीक दुमडलाय की टाका शोधावा लागेल.

चर्चच्या मंडळातल्या बँकवाल्या बाईंनी कापड देताना मला सगळं पुन्हा समजावून सांगितलं, जणू माझा कालच बाप्तिस्मा झालाय. म्हणे, बिशप पवित्र तेलाने तळहात माखतील, मग दोन्ही हात जोडून या पट्टीने बांधतील. सोडल्यावर ती तेलकट पट्टी नवा फादर आपल्या आईला देतो. आई ती जन्मभर जपते, आणि ती गेली की शवपेटीत तिच्या हातांना तीच पट्टी गुंडाळतात. वर गेल्यावर विचारतात ना, काय आणलंस? तेव्हा तिने काही बोलायचं नाही, हात तेवढे पुढे करायचे.

मी म्हटलं, बाई, मला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, ठाऊक असलेलंच पुन्हा सांगावं लागतं, मी बँकेत तीस वर्षं तेच केलं.

पाचारण रविवारी चर्चमध्ये मी बोलले, ते तुम्ही ऐकलंत. त्याबद्दल आपण दोघी एक अक्षर बोललो नाही, तर ते आता लिहिते. थोरल्या फादरांनी मला आदल्या आठवड्यात गाठलं. देवाने पोराला हाक दिली तेव्हा आईने काय केलं हे तरुण आयांना कळू दे, म्हणाले. हल्ली प्रत्येक घराला डॉक्टर हवा, इंजिनियर हवा. फादर हवा तो शेजारच्या घरातला. आपल्या धर्मग्रामातून इतक्या वर्षांनी एक जण वेदीपाशी पोचतोय, तर त्याच्या आईने चार शब्द बोलायलाच हवेत.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण सगळ्यांसमोर विचारलं की मला नाही म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला बोलायचंही होतं. माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, तो लहान असताना पेला आणि ताटली घेऊन फादरसारखा मिस्सा मिस्सा खेळायचा आणि मी त्याच्यासमोर गुडघे टेकून बसायचे. म्हणाले, संध्याकाळी आम्ही दोघं जपमाळ म्हणायचो, तो मध्येच पेंगायचा, मी त्याचा मणी धरून ठेवायचे. म्हणाले, त्याने मला सांगितलं त्या दिवशी मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, जा, भिऊ नकोस.

ताई, तुम्ही तिसऱ्या बाकावर होतात. पेला तुमचा, ताटली तुमची. गुडघे तुमचे, तेही दुखरे. मी त्या वेळी दुकानात कुणाच्या तरी जाकिटाला चेन लावत असणार. जपमाळ तुमच्या बाहेरच्या खोलीत व्हायची. आणि मला सांगायला तुम्ही त्याला वर घेऊन आलात, दाराला हात लावून मागे उभ्या राहिलात, म्हणालात, "त्याला काहीतरी सांगायचंय." त्याने सांगितलं. मी त्याला काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंत. मी म्हटलं, "आधी जेव." डोक्यावर हात खाली, तुमच्या घरी, आधीच ठेवून झाला होता.

माइकसमोर मी तुमचं आयुष्य माझं म्हणून वाचून दाखवलं, आणि तुम्ही मान हलवत होतात. हसला असतात तर बरं झालं असतं. रागाने उठून गेला असतात तर फारच बरं. तुम्ही मात्र हो हो, असंच झालं, अशी मान हलवत होतात. नंतर एक कडेवर लेकरू घेतलेली बाई माझा हात धरून म्हणाली, तुमच्यासारखी आई सगळ्यांना मिळो. तेव्हापासून ही जळजळ सुरू आहे.

हे बाहेरून येताना दिसले. बाकीचं उद्या लिहीन.

गुरुवार

दुकानातून आले, हात पाय धुतले, आणि परत बसले. ह्यांनी विचारलं, कुणाला एवढं लिहितेस? म्हटलं, खाली. हे म्हणाले, मग जाऊन बोल की. थोड्या वेळाने पेपराआडून म्हणाले, "आपल्या घरात देवसुद्धा जिन्याने आला गं. दुसरा मजला आधी लागला, तिथेच बसला." ह्यांना विनोद सुचतात तेव्हा मला नेमकं हसू येत नाही.

आता चिठ्ठीचं सांगते. तुम्हाला वाटत असेल की मला मागच्या महिन्यात कळलं. मला सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

लेक फादर व्हायला सेमिनरीत गेला त्या वर्षी पाचारण मंडळाची बैठक चर्चमागच्या खोलीत झाली होती, लोखंडी खुर्च्यांची ती. बँकवाल्या बाईंनी काचेच्या भांड्यात नवीन मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि नियम सांगितले. जिला जो मुलगा येईल त्याच्यासाठी तिने दीक्षेपर्यंत रोज प्रार्थना करायची, त्याच्या नावाने मागायचं, आणि कुणालाही सांगायचं नाही, त्या मुलालाही नाही. चिठ्ठी उघडली की तोंड बंद. आणि आईला आपल्याच पोराची चिठ्ठी आली तर तिने ती परत टाकायची. आईला पोरासाठी देवापुढे बसायला चिठ्ठी कशाला लागते? ती बसतेच. तिने दुसरीच्या पोरासाठी बसावं.

भांडं माझ्यापाशी आलं. मी हात घातला, चिठ्ठी उघडली आणि त्यात माझ्याच लेकाचं नाव होतं.

कुणी बघत नव्हतं, ताई. तुम्ही तर शेजारच्या खुर्चीत चष्मा पुसत होतात. मूठ मिटली असती तर देवालासुद्धा वेळाने कळलं असतं. पण मी चारचौघींत नियम पाळणारी. म्हटलं, आली होती ती ठेवली असं नको व्हायला. मी ती परत घडी घातली. तुम्हाला माझी सवय माहीत आहे, कागद असो की कापड, मला कडा आत दुमडल्याशिवाय राहवत नाही. आत दुमडून, वर दाबून मी ती भांड्यात टाकली आणि दुसरी उचलली. ती त्या उंच पोराची निघाली, सगळे ज्याला शिडी म्हणतात त्याची.

मग भांडं तुमच्याकडे गेलं. तुम्ही चष्मा लावला, हात घातला, आणि तुमच्या बोटांत काठ दुमडलेली चिठ्ठी आली. बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या नुसत्या मधोमध दुमडून टाकलेल्या होत्या. तुम्ही उघडलीत, वाचलीत, परत मिटलीत आणि चष्म्याच्या डबीत ठेवलीत. चेहरा होता तसाच. हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीत बसून लोकांना वाईट वॉर्डाची वाट सांगायची, ती तुमची सवय. नियम आईपुरता होता, काकूबद्दल कुणी बोललंच नव्हतं. मी तोंड उघडू शकत नव्हते. उघडलं असतं तर माझी चिठ्ठी कुठली होती हे सांगावं लागलं असतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तुमच्या खिडकीत मेणबत्ती लागली की मला कळायचं. मीही वर बसायचे, नाही असं नाही. पण मला सारखं वाटायचं की माझी प्रार्थना साध्या टपालाने जाते आणि तुमची हातोहात पोचते. तुमच्याकडे ती मंडळाची होती, नियमाने दिलेली. माझी आपली घरगुती.

आणि माझ्या वाट्याच्या शिडीचं काय झालं ते गावाला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी सेमिनरी सोडून आला, सहा महिन्यांत लग्न. आता मोबाइलच्या दुकानात आहे. पँट लांब करून घ्यायला येतो तेव्हा मला वाकून नमस्कार करतो, आणि मी मनात म्हणते, बाबा, तुझ्यासाठी मी काय मागितलं आणि देवाने काय ऐकलं. त्याच्या लग्नानंतर माझी चिठ्ठी उघड झाली तेव्हा बँकवाल्या बाई बैठकीत म्हणाल्या होत्या, "हिच्या प्रार्थनेने पाळणे हलतात. ज्यांना हवंय त्यांनी हिला चिठ्ठी द्यावी." बोलून गेल्या आणि मग त्यांची नजर तुमच्याकडे गेली. सगळ्यांचीच गेली. तेव्हा पहिल्यांदा हसलात त्या तुम्ही. तुम्ही हसलात म्हणून बाकीच्यांना हसता आलं. मला वाटलं, ही बाई दुखलं तरी दुसऱ्याचीच सोय बघते. हे मी कौतुकाने लिहीत नाहीये.

मागच्या महिन्यात बाई म्हणाल्या, आता दीक्षा जवळ आली, चिठ्ठी उघड करायला हरकत नाही. तुम्ही उभ्या राहिलात, डबी उघडलीत. माझ्या दुमडलेल्या कडा तशाच होत्या, नुसत्या पिवळ्या पडल्या होत्या. सगळ्या जणी टाळ्या वाजवत होत्या, मीही वाजवल्या. "अय्या, तुम्ही होतात!" असं म्हणणारी मीच. थोरल्या फादरांनी त्याला त्याच संध्याकाळी फोनवर कळवलं.

मग गेल्या रविवारी तो आला. तुमच्याकडे आधी गेला की माझ्याकडे, ते विचारत नाही. जेवला, भात परत घेतला, बाबांच्या गुडघ्याला मलम लावून दिलं. मी भांडी आवरत होते तेव्हा मागे येऊन उभा राहिला. लहानपणी फोडलेला पेला लपवून असाच उभा राहायचा.

"आई, ती पट्टी... मी मोठ्या आईला दिली तर तुला चालेल का?"

मी म्हटलं, "पट्टी तुझी, मोठी आई तुझी. मला कशाला विचारतोस?"

"तुला वाईट वाटणार असेल तर नाही देत."

"दे की."

"आई, नीट सांग."

"नीटच सांगतेय. दे."

मग तो म्हणाला, "पुढच्या रविवारी फोन करतो. तेव्हा सांग. मशीनवर बसल्यावर तुला नीट सुचतं." आणि गेला. बघा, अजून त्याला आठवतं, मी कुठे बसून विचार करते ते.

मशीनवरून आठवलं. इतकी वर्षं ते तुमच्या डोक्यावर चालतंय, बरोबर बाहेरच्या खोलीवर. दुसऱ्या कुणी पोलिसात तक्रार केली असती. तुम्ही उलट सांगायचात की शाळेतून येऊन तो तुमच्याकडे खात बसलेला असला आणि वर मशीन सुरू झालं की लगेच पिल्लासारखी मान वर करायचा. "आई आली." तोंडातला घास तसाच ठेवून वर पळायचा. मी कितीतरी वेळा तुम्हाला ते पुन्हा सांगायला लावलंय. तुम्हाला वाटायचं मी विसरते. मी विसरत नव्हते.

शुक्रवार

सकाळी पट्टी इस्त्री केली, पातळ कागदात गुंडाळली. दुकानात आज मालक म्हणाला, तुमचा चेहरा उतरलाय, घरी जा. म्हणून लवकर आले. तुम्ही अजून हॉस्पिटलच्या खिडकीवर असाल. तुमच्या दारावरून येताना नेहमीप्रमाणे पायपुसण्याकडे बघितलं. ते मी का बघते, ते आता लिहिते. हे लिहायचं म्हणूनच पत्र काढलं होतं, आणि तीन दिवस गुडघा, लिफ्ट आणि शिडी चालली आहे.

तो सेमिनरीत तिसऱ्या वर्षाला होता. दुकानात रंगकाम चाललं होतं म्हणून मी दुपारी घरी होते. तुमचा पडदा शिवून तयार होता, तो द्यायला खाली उतरले. तुमच्या दाराशी पायपुसण्यावर बूट होते. काळे, टाचा बाहेरच्या बाजूने झिजलेल्या. त्याच्या टाचा अशाच झिजतात, पहिल्या बुटापासून. सत्राच्या मध्यात, सेमिनरी सोडून, माझ्या लेकाचे बूट तुमच्या दारात.

दार लोटलेलं होतं. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तो रडायला लागला. तो दहा वर्षांचा झाल्यापासून मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. मला वाटायचं आता तो रडत नाही. तुमचा आवाज अजिबात नव्हता. तुम्ही नुसतं ऐकत होतात.

मी बेलपर्यंत हात नेला होता. मग पडदा तसाच घेऊन वर आले.

वर येऊन मी मशीनवर बसले आणि पाय मारायला सुरुवात केली. ताई, सुईत दोरा नव्हता. खाली कापड नव्हतं. चाक फिरत होतं, सुई वरखाली होत होती, आणि मी पाय मारत होते. त्याने ऐकावं म्हणून. आई घरी आहे, दुकानात नाही, एक जिना चढलास की आहे, हे त्याला कळावं म्हणून. मध्येच थांबायचे, जिन्यात पाऊल वाजतंय का ऐकायचे, आणि परत सुरू करायचे. पोटऱ्या भरून आल्या. भाजी करपली तरी उठले नाही.

खूप वेळाने खिडकीतून पाहिलं तर तो फाटकातून बाहेर पडत होता, खांद्याला पिशवी. तुम्ही त्याच्याबरोबर बस स्टॉपकडे चालला होतात. तो परत गेला. आणि मग पुढे राहिलाच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पडदा न्यायला आलात. बसलात, पाणी प्यायलात. आणि जाताना म्हणालात, "काल मशीन खूप वेळ चाललं. दमलीस ना?"

म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं. तुम्हाला सगळं कळलं होतं. आणि तुम्ही त्याच्याबद्दल एक शब्द सांगितला नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. चिठ्ठीचा नियम मोडेल म्हणून नाही, एवढं मला कळतं. तो काही चिठ्ठीमुळे तुमच्याकडे आला नव्हता. तुमच्या डबीत काय आहे हे त्याला कुठे माहीत होतं? मी कितीदा मनाला सांगून पाहिलं की मी ती चिठ्ठी परत टाकली म्हणून असं झालं. तसं असतं तर किती बरं झालं असतं. चिठ्ठी माझ्या मुठीत राहिली असती तरी ते बूट दुसऱ्या मजल्यावरच निघाले असते.

मी त्याला काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. म्हटलं असतं, झालं तेवढं पुरे, ये घरी, आधी जेव. त्याला परत जाऊच दिलं नसतं. सून आणायची मी मनात ठरवूनसुद्धा टाकली होती, तुम्हाला कधी बोलले नाही. माझ्याकडे आला असता तर आज ही पट्टी लागलीच नसती. म्हणून तो आला नाही. हे मला नीट कळतं. पण कळलं म्हणून जळायचं थांबत नाही, ताई. आणि ती ॲसिडिटी नाही, गोळ्या मी उगीच खाते. मी तुमच्यावर जळते. तुमच्या खिडकीतल्या मेणबत्तीवर, तुमच्या गप्प बसण्यावर, तुमच्या दारातल्या पायपुसण्यावर. सासूबाई चुकीच्या बाईकडे बघत बोलल्या, किंवा आपणच चुकीच्या बाईकडे बघितलं.

रविवारी तो फोन करील तेव्हा मी हो म्हणणार आहे. हे मोठ्या मनाने चाललंय असं समजू नका. माझं मन तेवढं मोठं नाही, आणि असतं तर तुमच्यासारखं झालं असतं, ते मला नको. पण माझा धंदाच मापाचा आहे. दुसऱ्याच्या मापाचा कपडा कितीही सैल केला, आखूड केला, तरी काखेत कुठेतरी ओढतोच. मी ती पट्टी घेऊन वर गेले आणि कुणी विचारलं काय आणलंस, तर मी हात पुढे करीन आणि मला सारखं वाटत राहील की मागे तिसऱ्या बाकावर बसून तुम्ही मान हलवताय. हो हो, असंच झालं.

तुम्ही घेणार नाही म्हणाल. माहीत आहे. म्हणाल, आईची असते ती, रीत आहे. त्यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. ते तो आणि तुम्ही बघा. काठ मात्र मी घातलाय, तो उसवायचा नाही. तुमचे हात कधी काळी बांधतील तेव्हा आतल्या बाजूला माझे टाके असतील. तेवढा माझा वाटा राहू द्या.

त्याच्या बदल्यात मला काहीतरी द्या. ती सगळी दुपार मागत नाही. तो का रडला, तुम्ही त्याला काय सांगितलंत, कशाने तो परत गेला, हे तुम्ही मला सांगणार नाही आणि आता मी विचारणारही नाही. तुमच्या खिडकीवर नातेवाईक हात जोडून उभे असतात तेव्हासुद्धा तुम्ही म्हणता, "पेशंटचं पेशंटलाच विचारा." मी दोनदा स्वतः ऐकलंय. यालाही तुम्ही तेच म्हणाल. पत्र वाचाल, घडी घालाल, चष्म्याच्या डबीत ठेवाल. संध्याकाळी वर याल, माझ्या हातात काहीतरी खायचं ठेवाल आणि विचाराल, दमलीस ना. मी हो म्हणेन.

तरी विचारते. एवढंच सांगा. त्या दुपारी वर मशीन सुरू झालं तेव्हा त्याने एकदा तरी मान वर केली होती का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची धाकटी